शंकूची सावली, देवळाची दिशा आणि पंचांग: तिन्ही गणितांचा एकत्र हिशोब

लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या अंगणात बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवला, मेष संक्रांतीला म्हणजे १४ एप्रिलला भर दुपारी सावली मोजली. ग्रंथांप्रमाणे ती गावाची पलभा असायला हवी, आणि लातूरच्या अक्षांशाला पलभा चार अंगुळे येते. सावली मात्र १.९ अंगुळेच भरली. चूक कुठे? शिवाय गावात काळ्या दगडाचे जुने शिवमंदिर आहे. दर महाशिवरात्रीला पहिला किरण पिंडीवर पडतो आणि देऊळ तारकाकृती आहे, असे गावकरी सांगतात. हे मुलांकडून कसे पडताळून घ्यावे?

सर, तुमची मोजणी चोख आहे. दिवस तेवढा चुकला.

पलभा ही विषुवदिनाची, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाची, मध्यान्हीची सावली. तेव्हा सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे उत्तर-दक्षिण अंतर, शून्य असते, म्हणून सावलीतून थेट अक्षांश निघतो: पलभा = १२ × टॅन(अक्षांश). मेष संक्रांत हाच विषुवदिन, हे समीकरण साधारण इसवी सन २८५ च्या सुमारास जुळत होते. त्यानंतर अयनचलनाने (विषुवबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतो त्याने), वर्षाला ५०.३ विकला या वेगाने (अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला), निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेला, मेषारंभ विषुवापासून २४ अंशांनी दूर गेला. आज खरा विषुवदिन २० किंवा २१ मार्चला येतो. पंचांगात तो ‘सायन मेष’ (विषुवबिंदूपासून मोजलेला मेष) म्हणून वेळेसह दिलेला असतो, ती ओळ शोधा. १४ एप्रिलला सूर्य ९.४ अंश उत्तरेला आलेला असतो. तुमच्या १.९ अंगुळांना बाराने भागून कोन काढला की ९.० अंश येतो. त्यात ९.४ मिळवा: १८.४. लातूरचा अक्षांश नेमका तेवढाच. म्हणजे वर्गातल्या मुलांनी अक्षांश बरोबरच काढला होता, शेवटची बेरीज राहिली होती.

म्हणून मार्चची वाट बघत बसायचे कारण नाही. कोणत्याही दिवशी मध्यान्ही सावली मोजा, कोन काढा, त्या दिवसाची क्रांती पंचांगातून घ्या. क्रांती दक्षिण असेल तर वजा करा, उत्तर असेल तर मिळवा. एका ठिकाणी मात्र हमखास घोटाळा होतो. साधारण १३ मेपासून ३० जुलैपर्यंत लातूरला मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. त्या काळात अक्षांश म्हणजे क्रांती वजा सावलीचा कोन. सावलीची बाजू लिहून ठेवली नाही, तर नंतर आकड्यावरून काही कळत नाही. या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात. जुलैतला दिवस ढगांत जातो, म्हणून मुलांना दाखवायचा तो मेमधलाच. लातूरला १३-१४ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी, छत्रपती संभाजीनगरला १९-२० मेच्या सुमारास साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी. घड्याळात बारा वाजले की मध्यान्ह झाली असे धरणे ही दुसरी नेहमीची चूक. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि लातूर ७६.६ वर, त्यामुळे सूर्य आपल्याकडे २४ मिनिटे उशिरा येतो. त्यात कालसमीकरणाची, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतल्या वर्षभर बदलणाऱ्या फरकाची, भर पडते: मेच्या मध्यात ती उणे ४ मिनिटे असते, २१ मार्चला अधिक ७. घड्याळाकडे बघूच नका. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करत राहा, सर्वांत आखूड ती मध्यान्हाची.

आता शंकू. उंची बरोबर ६० सेंटीमीटर घ्या, म्हणजे एक अंगुळ ५ सेंटीमीटरचे होते आणि मुलांना गुणाकार-भागाकार सोपा जातो. लातूरची पलभा मग बरोबर २० सेंटीमीटर. अंगुळाचे साठ व्यंगुळे धरले तर मराठवाड्यातल्या पलभा अशा येतात: धाराशिव ३ अंगुळे ५६ व्यंगुळे, बीड ४ अंगुळे ८ व्यंगुळे, नांदेड ४ आणि १०, परभणी ४ आणि १२, छत्रपती संभाजीनगर ४ आणि २०. एवढ्याशा फरकावरून गावे वेगळी ओळखायची, तर मोजणी मिलिमीटरची हवी. नुसत्या काठीने ती होत नाही. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट असते, ६० सेंटीमीटरच्या शंकूला मार्चच्या मध्यान्ही सुमारे ६ मिलिमीटर, आणि सूर्य ३० अंशांवर असताना तब्बल २ सेंटीमीटर. माणूस नकळत गडद सावलीच्या टोकाशी खूण करतो. ती खूण थाळीच्या वरच्या कडेची असते, केंद्राची नव्हे. अक्षांश १६ कलांनी कमी येतो, जमिनीवर जवळपास ३० किलोमीटर. लातूर सरकून औशाच्याही पलीकडे जाते.

यावर उपाय असा की सळईच्या टोकाला पत्र्याची चकती बसवा आणि तिला ४ मिलिमीटरचे भोक पाडा. जमिनीवर सावलीच्या मधोमध उजेडाचा लांबट ठिपका पडतो. खूण त्या ठिपक्याच्या मध्यावर करा. उंची मोजायची ती भोकापर्यंत. वर्तुळाचा मध्यही सळईच्या बुडाशी धरू नका. भोकातून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकेल तिथे धरा. सळई थोडी कललेली असली तरी मग काही बिघडत नाही. जमीन मात्र सपाट हवीच. शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा ओटा चालतो, पण गवंड्याच्या लेव्हल पाइपने किंवा स्पिरिट लेव्हलने दोन्ही दिशांनी तपासा. अंगणाच्या ओट्याला पाणी जाण्यासाठी ढाळ दिलेला असतोच. ओटा पूर्व-पश्चिम एक अंश कलला आणि शंकू ओट्याला काटकोनात असला, तर उत्तर दिशा सुमारे २० कलांनी फिरते. उत्तर-दक्षिण कलला तर तो पूर्ण अंश थेट अक्षांशात उतरतो.

दिशासाधनाची रीत जुनीच. ओळंब्याच्या मध्याभोवती ४०, ५०, ६० सेंटीमीटर त्रिज्येची वर्तुळे काढा. सकाळी सावली आखडत येताना प्रत्येक वर्तुळाला कुठे शिवते आणि दुपारी वाढताना कुठे शिवते, त्या खुणा जोडा. ती रेषा पूर्व-पश्चिम. २१ मार्चला ६० सेंटीमीटरच्या वर्तुळाला ठिपका सकाळी पावणेदहाच्या आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास शिवतो. तिन्ही वर्तुळांच्या रेषा समांतर आल्या पाहिजेत. एखादी फटकून गेली तर ती खूण टाकून द्या, उगाच सरासरीत ओढू नका. या साडेपाच तासांत सूर्याची क्रांतीही बदलते, म्हणून जुन्या ग्रंथांनी दुरुस्ती सांगितली आहे: कर्ण गुणिले दोन क्रांतिज्यांतला (क्रांतीच्या साइनमधला) फरक, भागिले अक्षांशाची कोज्या (कोसाइन). कर्ण म्हणजे भोकापासून ठिपक्यापर्यंतचे अंतर, इथे ८५ सेंटीमीटर. साडेपाच तासांत क्रांती साडेपाच कलांनी बदलते, दुरुस्ती येते १.४ मिलिमीटर. मार्चमध्ये दुपारची, म्हणजे पूर्वेकडची खूण तेवढी उत्तरेला सरकवा, सप्टेंबरमध्ये दक्षिणेला. अयनदिनाच्या (२१ जून, २२ डिसेंबर) आसपास सरकवायचेच नसते. ही दुरुस्ती केली नाही तरी दिशा फक्त ४-५ कलांनी चुकते. ओट्याच्या ढाळाने होणारी चूक तिच्या चौपट आहे. मुलांना हे आवर्जून दाखवा, कारण सूत्र अवघड दिसले की चूकही तिथेच मोठी असणार असे सगळ्यांना वाटते.

होकायंत्र, आणि मोबाइलमधलेही, देवळाजवळ वापरू नका. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट असते आणि वीज पडलेल्या दगडाजवळ तर सुई अंशांनी फिरते. देवळाच्या भिंतीला फोन टेकवून ‘ईशान्येला सात अंश’ असे जे आकडे सांगितले जातात, ते बहुतेक दगडाचे असतात, देवळाचे नव्हे.

देवळाची दिशा अशी घ्या. समोरच्या मोकळ्या अंगणात शंकूने पूर्व-पश्चिम रेषा काढा आणि तिच्यावर दोरी ताणा. गाभाऱ्याच्या उंबऱ्याचा मध्य आणि सभामंडपाच्या दाराचा मध्य यांतून सुतळी ताणून ती अंगणात आणा. झिजलेल्या जोत्याची कड आधाराला घेऊ नका, ती सहज दोन-चार सेंटीमीटर बाहेर-आत गेलेली असते. दोन्ही दोऱ्या जिथे छेदतात तिथून १० मीटर मोजा आणि दोऱ्यांतले अंतर पाहा. ३५ सेंटीमीटर आले तर कोन २ अंश. १० मीटरवर २ सेंटीमीटरची चूक म्हणजे ७ कला, आपल्या कामाला तेवढी चालते.

आता किरण. सूर्य उगवतो तो ठीक पूर्वेला वर्षातून दोनच दिवस. एरवी त्याचे पूर्वेपासूनचे अंतर, ज्याला अग्रा म्हणतात, ते येते क्रांतिज्या भागिले अक्षांशाची कोज्या या भागाकारातून. लातूरला ते जास्तीत जास्त २४.८ अंश, दोन्हीकडे. म्हणजे पूर्वाभिमुख देऊळ पंचवीस अंशांपर्यंत कसेही वाकडे असले, तरी वर्षातल्या कुठल्या तरी दोन दिवसांशी ते जुळणारच. नुसते जुळणे हा पुरावा होत नाही.

महाशिवरात्रीचे गणित घ्या. २०२४ मध्ये ती ८ मार्चला होती, २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला, २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. त्या दिवशीच्या क्रांती अनुक्रमे ४.८, ८.७ आणि १२.७ अंश दक्षिण. सूर्य उगवला पूर्वेच्या दक्षिणेला ५, ९ आणि १३.४ अंशांवर. तीन वर्षांत आठ अंशांहून जास्त फरक! देवळाचे दार ८० सेंटीमीटर रुंद आणि पिंडी दारापासून ९ मीटर आत असेल, तर दारातून आत येणाऱ्या किरणांचा पट्टा ५ अंशांचा. दार पिंडीच्या माथ्यापेक्षा १.१ मीटर उंच असेल तर सूर्य ७ अंश वर येईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा तास, किरण पोहोचतात. तेवढ्या वेळात सूर्य दक्षिणेकडे आणखी सव्वादोन अंश सरकतो. सगळा पट्टा धरला सव्वासात अंश. फेब्रुवारी-मार्चमध्ये उगवतीची जागा दिवसाला ०.४ अंश सरकते. भागाकार केला की अठरा दिवस. महाशिवरात्र फिरते जवळजवळ महिनाभर. तेव्हा ‘दर महाशिवरात्रीला’ हे गणितात बसत नाही. ‘महाशिवरात्रीच्या सुमारास, काही वर्षी’ हे बसते, आणि गावकरी बहुधा तेच पाहत असतात.

पडताळण्याची सोपी युक्ती म्हणजे जोडीचा दिवस. २६ फेब्रुवारीची क्रांती ऑक्टोबरच्या मध्यालाही येते. त्या सुमारासही सकाळी किरण आत आला पाहिजे. गावात कुणाला ते ठाऊक नसेल तर पहाटे उठून मुलांना पाहू द्या. सकाळच्या सत्रात आठ-दहा दिवस आधीपासून दररोज दर दोन मिनिटांनी किरणाची कड कुठे आहे त्याची नोंद करा. एका दिवसाचा फोटो काहीच सांगत नाही. अयनदिनाचा दावा असेल तर आणखी सांभाळून राहा: २१ जूनच्या दहा दिवस आधी आणि नंतर क्रांतीत फरक फक्त ०.३७ अंश, म्हणून तो किरण तीन आठवडे जवळपास त्याच जागी पडतो. पूर्वेला डोंगर असेल तर तेही धरावे लागते. बालाघाटच्या रांगेने क्षितिज २ अंश उचलले की उगवतीची जागा ०.७ अंश दक्षिणेला जाते. हेच गणित पश्चिमाभिमुख वास्तूला उलट्या बाजूने लागते. वेरूळचे कैलास लेणे पश्चिमेकडे तोंड करून आहे, तिथे मावळतीचा सूर्य घ्यायचा.

आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हे वेगळे होते का, असा प्रश्न मुले विचारतातच. सूर्यमार्गाचा तिरकसपणा तेव्हा २३.५५ अंश होता, आज २३.४४. ०.११ अंशाचा फरक दारात दिसणार नाही. बदलले आहे ते पंचांग. निरयन वर्ष सायन वर्षापेक्षा २०.४ मिनिटांनी मोठे. ११५० साली भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला, त्याला पावणेनऊशे वर्षे झाली, तेवढ्यात हा फरक साडेबारा दिवसांच्या घरात गेला. मृग नक्षत्र आता ७-८ जूनला लागते. त्या काळी ते आजच्या तारखेने २६ मेच्या सुमारास लागत असे. पावसाला यातले काही माहीत नाही, मोसमी वारे सायन ऋतूंप्रमाणे येतात. ‘मृग निघाला, पेरा’ हा सोयाबीनचा हिशोब आजच्या तारखांना ठीक आहे, पण नक्षत्रात पाऊस बांधलेला नाही, एवढे वर्गात सांगायला हरकत नाही.

महाशिवरात्र १५ फेब्रुवारी २०२६ वरून ६ मार्च २०२७ ला उडी मारते ती अधिक महिन्यामुळे, २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळे. चांद्रमास २९.५३०६ दिवसांचा, बारा झाले की ३५४.३७. सौर वर्ष ३६५.२६. दरवर्षी १०.८९ दिवसांची तूट, आणि ती एका महिन्याएवढी व्हायला साडेबत्तीस महिने लागतात. सूर्यसिद्धांताचे आकडे घेतले, महायुगात ५,१८,४०,००० सौरमास आणि १५,९३,३३६ अधिमास, तरी भागाकार ३२.५३५ येतो. मुलांकडून तो हाताने करून घ्या. पण ही सरासरी आहे. प्रत्यक्ष नियम असा की ज्या अमांत (अमावास्येला संपणाऱ्या) महिन्यात संक्रांत पडत नाही तो अधिक. ‘एकोणीस वर्षांनी तोच महिना अधिक’ हे बऱ्याचदा खरे ठरते: २००४ आणि २०२३ श्रावण, २००७ आणि २०२६ ज्येष्ठ. पण २०१० मध्ये वैशाख अधिक होता आणि २०२९ मध्ये चैत्र आहे. कारण १९ निरयन वर्षे २३५ चांद्रमासांपेक्षा सुमारे साडेचार तासांनी मोठी, आणि २०१० ला मेष संक्रांत अमावास्या संपण्याच्या आधी काही तास होती, २०२९ ला ती जरा नंतर पडते. एका कडेला टेकलेले असले की एवढ्या तासांनीही महिना बदलतो.

पलभा हातात आली की आणखी एक गोष्ट करून बघा. करणग्रंथांतली (पंचांग करण्याच्या हिशोबाच्या ग्रंथांतली) रीत: पलभेला १०, ८ आणि ३⅓ ने गुणा, ती तीन चरखंडे, म्हणजे सूर्य सहाच्या किती आधी उगवतो त्या वेळेचे तुकडे. चार अंगुळांना ४०, ३२ आणि १३⅓ पळे, बेरीज ८५⅓. पळ २४ सेकंदांचे, म्हणजे ३४ मिनिटे. सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या तेवढा आधी उगवून तेवढाच नंतर मावळतो. दिनमान १३ तास ८ मिनिटे. आजच्या सूत्राने १३ तास ६ मिनिटे येतात. दोन मिनिटांचा फरक रीतीतला नाही. जुन्यांनी सूर्यमार्गाचा तिरकसपणा २४ अंश धरला होता, आजच्या सूत्रात २४ घाला, मिनिट अन् मिनिट जुळते. छापील वेळांवरून दिनमान १३ तास १४ मिनिटांच्या आसपास निघेल, कारण तिथे उदय म्हणजे थाळीची वरची कड दिसणे, आणि हवेच्या वक्रीभवनाने ती लवकर दिसते. पाथरी, जुने पार्थपूर, तिथल्या ज्ञानराज या ज्योतिर्गणितज्ञाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला असेच गणित मांडले आहे. आपल्या भागाला हा विषय नवा नाही.

राहिले तारकाकृती देऊळ. पायऱ्यापायऱ्यांनी बाहेर येणारी प्रत्येक भिंत तारकाकृती नसते. खरी तारकाकृती एकच चौरस मध्याभोवती फिरवून तयार होते, म्हणून बाहेर आलेला प्रत्येक कोपरा काटकोनी असतो. आत गेलेला कोपरा पाहा. तो ९० अंशांचा असेल तर नुसती खोबणीदार भिंत. चार चौरस २२.५ अंशांनी फिरवून १६ टोके केली असतील तर आतला कोपरा ११२.५ अंशांचा येतो, सहा चौरसांच्या २४ टोकांना १०५ चा, आठ चौरसांच्या ३२ टोकांना १०१.२५ चा. दोन लाकडी पट्ट्या एका स्क्रूने जोडा, कोपऱ्यात बसवा, कागदावर ठेवून कोनमापकाने वाचा. १०५ आणि १०१ यांत फरक चारच अंशांचा आहे, म्हणून निदान सहा कोपरे मोजा आणि मोजायचे ते खालच्या सपाट थरावर, नक्षीवर नाही. दुसरी खूण त्रिज्येची: मध्यापासून आतल्या कोपऱ्याचे अंतर बाहेरच्या टोकाच्या ०.८५ पट असेल तर १६, ०.८९ पट असेल तर २४. चार मुख्य दिशांना भद्राच्या (मधोमध पुढे आलेल्या भागाच्या) सरळ भिंती मध्ये येऊन टोके गिळतात, त्यामुळे नुसती दिसणारी टोके मोजून उत्तर काढू नका. निलंग्याचे नीलकंठेश्वर आणि माणकेश्वरचे शिवमंदिर सहलीत असेल तर पट्ट्या बरोबर न्या. संरक्षित स्मारकात मोजणीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि तिथे खिळे, रंग, तेलकट खडू अजिबात नको. सुतळीची टोके वाळूच्या पिशव्यांनी दाबली की पुरते.